जिंकले ना भाऊ, मग संघटना बंद काहून केली?

आपल्याकडं मिळते ती स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली डोळ्यासमोर आणा. नुसती आणा, उघडू नका. भारतात स्ट्राँग बिअर म्हणजे अल्कोहोल पाच ते आठ टक्क्यांच्या मधात. ही बाटली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात २००९ च्या आधी कोणी विकायला ठेवली असती तर एकाच बाटलीत दोन भानगडी झाल्या असत्या, एक तर तिथं सहा टक्क्यांवरची बिअर विकायलाच बंदी, आणि दुसरं म्हणजे बाटली १६ औंसाच्या, म्हणजे ४७३ मिलीच्या वर चालत नव्हती. म्हणजे आपला ५०० मिलीचा साधा कॅनसुद्धा बाद. आणि गंमत पाहा, त्याच राज्यात ४० टक्क्यांची व्हिस्की मात्र कायदेशीर!

हा कायदा बदलायला जे लोक उभे राहिले ते बहुतेक साधे गिऱ्हाईक होते, बिअर आवडणारे, नोकरीधंदा सांभाळून हे करणारे. २००४ मध्ये बर्मिंगहॅम शहरात (इंग्लंडचं नाही, अलाबामाचं) त्यांनी 'फ्री द हॉप्स' नावाचा ग्रुप काढला. उत्तर कॅरोलायनात असाच 'पॉप द कॅप' होता, मिसिसिपीत 'रेज युअर पाइंट्स'. एकेक करून हे सगळे जिंकले, कायदे बदलले. आणि मग असा प्रश्न आला की ज्याच्यावर आपल्याकडं कोणी विचारच करत नाही, तो म्हणजे आता या ग्रुपचं करायचं काय? जिंकल्यावर शांतपणे गाशा गुंडाळायचा हाही एक रस्ता असतो, आणि तो कधी शहाणपणाचा आणि कधी धोक्याचा, हे समजून घ्यायला बिअरवाल्यांचं उदाहरण एकदम चांगलं आहे म्हणून हा लेख.

नागपुरात हे ऐकून लोकांना विचित्रच वाटेल म्हणा. आपण समित्या स्थापन होताना पाहतो, बंद होताना कोणी पाहिली नाही. तीस वर्षांची जुनी कृती समिती असते, तिचं लेटरहेड असते, अध्यक्ष असतात, दोन उपाध्यक्ष असतात, फक्त कृती नसते.

आता आधी हे पाहू की असला कायदा आला कुठून. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली ५ डिसेंबर १९३३ ला, पण उठवताना संविधानात जी एकविसावी दुरुस्ती केली तिच्यात दारूचं काय करायचं ते राज्यांवर सोडलं. आपल्यासारखंच आहे हे, आपल्याकडंही दारू राज्यांचा विषय, म्हणून गुजरातेत वेगळं, गोव्यात वेगळं, आणि महाराष्ट्रात तर जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं, नागपुरातून निघालं की तास-दीड तासात वर्धा येते आणि तिथं १९७४ पासून दारूबंदी. तर अमेरिकेतही तसंच झालं, काही राज्यांनी लगेच मोकळं केलं, दक्षिणेकडच्या राज्यांनी हात आखडता घेतला. मिसिसिपीनं तर राज्यापुरती दारूबंदी १९६६ पर्यंत ओढली, देशात सगळ्यात शेवटी. जिथं परवानगी दिली तिथंही शंभर अटी घातल्या, किती टक्के, किती मोठी बाटली, कोणी विकायची, कोणी विकायची नाही.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे तीन थरांची पद्धत. बनवणारा एक, होलसेलर दुसरा, दुकान किंवा बार तिसरा, आणि मधला थर ओलांडून उडी मारायची नाही. याच्यामागं कारण होतं. दारूबंदीच्या आधी मोठ्या ब्रुअऱ्यांनी, म्हणजे बिअरच्या कारखान्यांनी, बार स्वतःच्या ताब्यात ठेवले होते, आमचाच माल विका आणि जेवढा जास्त पाजता येईल तेवढा पाजा असं चालायचं, ते परत होऊ नये म्हणून मधात होलसेलर बसवला. पण एकदा मधात माणूस बसवला की तो तिथून उठत नाही, त्याचाही धंदा होतो आणि त्याचेही आमदार होतात. (हे वाक्य अमेरिकेबद्दल आहे, उगाच इकडं तिकडं पाहू नका.)

बरं, सहा टक्क्यांची मर्यादा इतकी वर्षं कोणाला खुपली कशी नाही? कारण सत्तरच्या दशकाच्या शेवटी अख्ख्या अमेरिकेत शंभरपेक्षा कमी ब्रुअऱ्या उरल्या होत्या आणि त्या बहुतेक एकाच चवीची हलकी लागर बनवायच्या, पाच टक्क्यांच्या आतबाहेर. मर्यादेला कोणी टेकतच नव्हतं. मग १९७८ मध्ये केंद्रानं घरी स्वतःपुरती बिअर बनवायला परवानगी दिली, राष्ट्राध्यक्ष कार्टर होते तेव्हा, आणि लोक गॅरेजमध्ये, किचनमध्ये प्रयोग करू लागले, त्यातल्याच काही लोकांनी पुढं छोट्या ब्रुअऱ्या काढल्या. यालाच क्राफ्ट बिअर म्हणतात, छोट्या ब्रुअरीची, वेगवेगळ्या तऱ्हेची, कधी बेल्जियमच्या मठांतल्या जुन्या पद्धतीची, कधी काळीकुट्ट स्टाउट, कधी कडू आयपीए.

आणि इथं टक्क्यांचा मुद्दा येतो. बिअर म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवून त्यातली साखर काढायची, यीस्ट ती साखर खाते आणि अल्कोहोल करते. चव भरगच्च पाहिजे म्हणून माल्ट जास्त टाकला की साखर जास्त, साखर जास्त की अल्कोहोल जास्त. इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइन, डबल आयपीए हे प्रकार आठ-दहा टक्क्यांना सहज जातात, बेल्जियमच्या शिमे मठाची निळ्या लेबलची बिअर ९ टक्के आहे. म्हणजे कायदा म्हणत होता अल्कोहोल सहाच्या वर नको, पण प्रत्यक्षात बंदी पडत होती रेसिपीवर. आपल्याकडं स्ट्राँग म्हटलं की लवकर चढते ती, एवढाच अर्थ, चवीशी घेणंदेणं नाही. तिकडच्या विरोधकांना नेमकी हीच भीती होती की पोरं स्वस्तात झिंगतील. ग्रुपवाल्यांचं म्हणणं असं की बाप्पा, ज्याला झिंगायचं आहे तो व्हिस्की घेईल ना, तो साध्या बिअरच्या कितीतरी पट पैसे देऊन ही बाटली कशाला घेईल!

पुढं मिसिसिपीचा आकडा येईल, तो वाचताना एक गोष्ट सांभाळा, तिथला कायदा टक्के वजनानं मोजायचा, घनफळानं नाही. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असते, म्हणून वजनानं ५ टक्के म्हणजे आपल्या बाटलीवर छापतात त्या हिशेबात साधारण सव्वासहा टक्के.

तर मोहिमा सुरू झाल्या. जॉर्जियानं २००४ मध्ये ६ वरून १४ टक्के केले. उत्तर कॅरोलायनात पॉप द कॅपचं विधेयक ऑगस्ट २००५ मध्ये कायदा झालं, ६ वरून थेट १५. दक्षिण कॅरोलायना २००७ मध्ये १४ वर गेलं. अलाबामाला वेळ लागला, फ्री द हॉप्स सुरू झाल्यापासून पाच वर्षं, २००९ मध्ये ६ वरून १३.९. मिसिसिपी २०१२ मध्ये वजनानं ५ वरून ८, म्हणजे घनफळानं साधारण १०.

ही कामं झाली कशी ते पाहण्यासारखं आहे, कारण आपल्या डोक्यात आंदोलन म्हटलं की डिसेंबरचं अधिवेशन येते, यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघते, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलीस अडवतात, शिष्टमंडळ आत जाते, निवेदन देते, फोटो होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा मोर्चा. बिअरवाल्यांनी आमदाराला त्याच्याच मतदारसंघातल्या माणसानं गाठायचं, पत्र लिहायचं, फोन करायचा, ही साधी पद्धत धरली. विधेयक एका अधिवेशनात पडलं की पुढच्या अधिवेशनात परत. मेंबरशिपची फी, बिअर फेस्टिव्हलची तिकिटं, त्यातून पैसे. फ्री द हॉप्सनं २००७ पासून बर्मिंगहॅममध्ये मॅजिक सिटी ब्रूफेस्ट भरवायला सुरुवात केली. समोर चर्चशी जोडलेल्या संघटना होत्या. आणि आमदारांची उदासीनता होती ती वेगळी. अलाबामाच्या सभागृहात एका आमदारानं उठून सरळ विचारलं की आत्ता मिळते त्या बिअरला काय धाड भरली, चांगलीच तर लागते. तो व्हिडिओ भरपूर फिरला. हसू येते, पण माझ्या मते त्यानं प्रामाणिक प्रश्न विचारला होता, ज्या माणसानं एकाच चवीची बिअर पाहिली त्याला दुसरीची उणीव कशी भासणार?

अलाबामाची गोष्ट पुढं नीट पाहा, कारण माझा सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे. २००९ ला टक्के वाढले. २०११ मध्ये ब्रुअरीबद्दलचा कायदा सुधारला, त्याच्याआधी साध्या ब्रुअरीला स्वतःच्या जागेत ग्लासभर बिअर विकता येत नव्हती, आणि ब्रूपब, म्हणजे बिअर जिथं बनते तिथंच पाजणारा बार, काढायचा तर तो ऐतिहासिक इमारतीत पाहिजे आणि जिल्हा असा पाहिजे जिथं दारूबंदीच्या आधी बिअर बनत होती, असल्या अटी (कोणाच्या डोक्यातून आल्या असतील देव जाणे). २०१२ मध्ये बाटली १६ औंसावरून २५.४ औंसावर, म्हणजे साधारण ७५० मिली. २०१३ मध्ये घरी बिअर बनवणं कायदेशीर झालं, त्याच वर्षी मिसिसिपीतही झालं, ही दोन राज्यं देशात शेवटची, केंद्राच्या परवानगीनंतर ३५ वर्षांनी. (आपल्याकडं हा विषयच नाही, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, युट्यूब पाहून मडकं चढवू नका.) २०१६ मध्ये ब्रुअरीतून थेट घरी न्यायला परवानगी, माणशी रोज २८८ औंसांपर्यंत, म्हणजे १२ औंसांच्या २४ बाटल्या. मिसिसिपीत ब्रुअरीतून थेट विक्री २०१७ ला आली.

आता या यादीत हळूहळू काय बदललं ते लक्षात आलं का? पहिली मागणी गिऱ्हाइकाची होती, आम्हाला ही बिअर मिळत नाही. बाटलीचा आकार, घरची बिअर, याही पिणाऱ्याच्याच मागण्या. पण २०११ चं ब्रुअरीचं आणि २०१६ चं थेट विक्रीचं पाहा, त्याच्यात गिऱ्हाइकाचा फायदा आहेच, पण खरा फायदा ब्रुअरीवाल्याचा. म्हणजे जसजसे जिंकत गेले तसतसं मागण्यांचं वजन पिणाऱ्याकडून बनवणाऱ्याकडं सरकलं. आणि २००४ मध्ये जो बनवणारा जवळजवळ नव्हताच, तो आता होता, त्याच्याकडं इमारत होती, बँकेचं कर्ज होतं, पगारावर माणसं होती, आणि त्याची स्वतःची संघटना होती.

हे समजायला आपल्या इथलंच उदाहरण घ्या. शहराच्या कडेला एखादं अनधिकृत लेआउट असते. प्लॉट घेतलेले लोक मिळून कृती समिती काढतात, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) चकरा मारतात, आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, पाहिजे, रस्ता पाहिजे, पाण्याची लाइन पाहिजे. दोन-चार माणसं सगळं करतात, बाकीचे वर्गणी देतात आणि नावं ठेवतात. मग एक दिवस आरएल मिळते, लाइन येते, घरं होतात. समितीचं काय? तिची गरज संपली, पण लाइनची काळजी आता कोण घेईल? घेतील, कारण प्रत्येक घरात नळ आहे आणि पाणी आलं नाही की आख्खी गल्ली झोनच्या ऑफिसात जाऊन उभी राहते, त्याला समिती लागत नाही. राखण करणारे लोक त्या विजयानंच तयार केले.

बिअरवाल्यांच्या ग्रुपांचं हेच झालं. आज अलाबामात कोणी आमदार उठून म्हणाला की टक्के परत सहावर आणा, तर कोण ओरडेल? फ्री द हॉप्सची गरजच नाही. ब्रुअरीवाले ओरडतील, जे होलसेलर ही महागडी बिअर विकून पैसे कमावतात ते ओरडतील, दुकानवाले ओरडतील, आणि ज्या नगरपालिकेच्या हद्दीत जुन्या गोदामात ब्रुअरी चालते तीही ओरडेल. उत्तर कॅरोलायनात तर मर्यादा उठल्यावर काही वर्षांत सिएरा नेवाडा आणि न्यू बेल्जियमसारख्या पश्चिमेकडच्या नावाजलेल्या कंपन्यांनी पूर्वेकडचे कारखाने तिथं काढले, एक २०१४ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१६ मध्ये. फक्त टक्क्यांमुळंच आले असं नाही, डोंगरातलं पाणी, जागा, रस्ते, राज्याच्या सवलती असं बरंच काही होतं, पण १५ च्या जागी ६ असते तर त्यांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. त्या राज्यातल्या ब्रुअरीवाल्यांनी २००८ मध्ये स्वतःचं गिल्ड, म्हणजे धंद्याची संघटना, काढलं. पॉप द कॅपनं दार उघडलं आणि आत आलेल्यांनी दाराची किल्ली स्वतःकडं घेतली.

म्हणून मला विचाराल तर नियम असा आहे: तुमच्या विजयावर कोणाचं तरी पोट चालू लागलं असेल तर संघटना बेधडक बंद करा. ज्याचं पोट आहे तो राखेल, आणि तुमच्या वर्गणीवाल्या ग्रुपपेक्षा चांगलं राखेल, कारण तुम्ही संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर राखत होता आणि तो सकाळी नऊपासून राखतो.

पण याची किंमत पडते, ती सांगितली पाहिजे. गिल्ड ब्रुअरीवाल्याचं आहे, पिणाऱ्याचं नाही. उत्तर कॅरोलायनात पुढचं मोठं भांडण झालं ते २५,००० बॅरलच्या मर्यादेवरून. वर्षाला एवढ्याच्या आत, म्हणजे साधारण २९ लाख लिटरच्या आत बनवणारी ब्रुअरी आपला माल स्वतः दुकानांना पोचवू शकत होती, त्याच्यावर गेली की सगळं होलसेलरच्या हाती द्यायचं. म्हणजे वाढलात की शिक्षा. यावरून कोर्टकचेरी झाली, शेवटी २०१९ च्या कायद्यात तोडगा निघाला, मध्यम आकाराच्या ब्रुअरीला ५०,००० बॅरलपर्यंत स्वतः पोचवायची मोकळीक मिळाली. भांडण बरोबर होतं, पण टेबलाच्या एका बाजूला बनवणारे आणि दुसऱ्या बाजूला होलसेलर, पिणारा खोलीतच नव्हता. उद्या या दोघांनी मिळून असं काही ठरवलं की ज्याच्यात दोघांचं भलं आणि बाटली महाग, तर बोलणारा कोण? गिऱ्हाइकांची संघटना बंद करताना ही खुर्ची रिकामी होते, आणि ती परत भरायला परत दहा वर्षं जातात.

मग बंद करायचीच नाही, चालूच ठेवायची, हाही पर्याय आहे की. इंग्लंडमधल्या कॅमरानं तोच घेतला. ही १९७१ मध्ये निघालेली पिणाऱ्यांचीच संघटना, मोठ्या कंपन्या पिंपात जिवंत राहणारी एल नावाची पारंपरिक बिअर मारून गॅस भरलेली केग बिअर माथी मारून राहिल्या होत्या, त्याच्याविरुद्ध. ती एल वाचली, छोट्या ब्रुअऱ्या भरपूर निघाल्या, सभासद दीड लाखाच्या वर गेले. म्हणजे मूळ काम झालं. पण एवढी मोठी संघटना, तिची मासिकं, तिचे फेस्टिव्हल, कर्मचारी, हे कोण बंद करणार? मग २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच सभासदांना विचारायला घेतलं की आपण आता नेमके कशासाठी आहोत. २०१८ मध्ये मतदान झालं, बाकीचे ठराव पास झाले, पण संघटनेनं फक्त पारंपरिक एलच्या नाही तर सगळ्याच प्रकारच्या बिअर पिणाऱ्यांचं प्रतिनिधित्व करावं असा जो ठराव होता त्याला ७५ टक्के पाहिजे होते आणि ७२.६ मिळाले. थोडक्यात हुकलं. पन्नाशीला टेकलेली संघटना, आणि आपण कोणाचे यावर घरातच एकमत नाही.

इथं एक सापळा आहे तो फेस्टिव्हलचा. सुरुवातीला मोहिमेला पैसे पाहिजेत म्हणून फेस्टिव्हल भरवतात. काही वर्षांत फेस्टिव्हल मोठा होतो, त्याचं नाव होते, स्पॉन्सर येतात, आणि मोहिमेचं काम संपलं तरी फेस्टिव्हल भरवणारी टीम पाहिजे म्हणून संघटना चालू राहते. कोणी विचारलं संघटना काय करते तर फेस्टिव्हल भरवते, फेस्टिव्हल कशासाठी तर संघटनेसाठी. असं झालं की सरळ फेस्टिव्हल कोणाला तरी चालवायला द्यावा आणि मोकळं व्हावं, त्याच्यात लाज कसली.

काम बदलणं हा तिसरा रस्ता. अमेरिकेत मार्च ऑफ डाइम्स ही संस्था १९३८ मध्ये पोलिओसाठी निघाली, १९५५ मध्ये लस यशस्वी झाल्याचं जाहीर झालं, आणि १९५८ मध्ये संस्थेनं मोहरा जन्मजात दोषांकडं वळवला. घरोघरी पैसे गोळा करणारे हजारो कार्यकर्ते तयार होते, ते जाळं मोडायचं कशाला? ते पटते. पण बिअरच्या ग्रुपला असं वळायला जागा नाही हो. टक्के झाले, बाटली झाली, ब्रुअरी झाली, घरची बिअर झाली, आता काय ग्लासच्या आकारासाठी लढायचं?

आणि स्वच्छ बंद करण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण बिअरवाल्यांच्या घरातलंच आहे. १९२० ची दारूबंदी उठवायला दोन मोठ्या संघटना लढल्या, एक १९१८ ची श्रीमंत पुरुषांची, एक पॉलिन सेबिन नावाच्या बाईंनी १९२९ मध्ये काढलेली महिलांची, जिचे सभासद दहा लाखांच्या वर गेले होते. महिलांची पाहिजे होती कारण तोपर्यंत सगळे धरून चालायचे की अमेरिकेतली यच्चयावत बाई दारूबंदीच्या बाजूची आहे. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली आणि त्याच महिन्यात दोन्ही संघटना विसर्जित. दहा लाख सभासदांची यादी हातात असताना! आपल्याकडं एवढी यादी असती तर पक्ष निघाला असता. तिकडंही मोह सुटला नाहीच म्हणा, पुरुषांच्या संघटनेतले काही बडे लोक १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या धोरणांविरुद्ध अमेरिकन लिबर्टी लीग काढून परत बसले, पण निदान जुनी पाटी उतरवून नवी लावली, जुन्याच पाटीखाली नवा धंदा नाही केला.

आता दुसऱ्या बाजूनं पाहू, कारण नियम खरा असेल तर तो उलटही लागू पडला पाहिजे. आपल्या शेजारी चंद्रपूर. तिथं दारूबंदीसाठी गावागावातल्या बायकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी आल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. जिंकल्या. आणि २०२१ मध्ये बंदी उठली. सरकारनं कारणं दिली, अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, समितीचा अहवाल आला, त्या वादात मी इथं जात नाही, दोन्हीकडं बोलण्यासारखं बरंच आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. बंदीच्या विजयावर कोणाचं पोट चालत होतं? कोणाचंच नाही. घरात भांडणं कमी झाली, हप्त्याचे पैसे वाचले, हा फायदा हजारो घरांत वाटला गेलेला, कोणा एकाच्या गल्ल्यात जमा होणारा नाही. उलट बंदी उठण्यात मात्र बारवाले, दुकानवाले, पुरवठादार, तिजोरी अशा सगळ्यांचा रोखीचा फायदा. म्हणजे इकडं राखणदार तयार झालाच नाही, आणि समोरचा कधी घरी गेलाच नाही. अशा विजयानंतर संघटना बंद करणं म्हणजे पाठ फिरवणं. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिथं सामाजिक संस्थांनी काम सोडलेलं नाही, हे उगाच नाही. अमेरिकेतल्या दारूबंदीवाल्यांनाही तो धडा मिळालाच की, १९१९ ला संविधानात लिहून घेतलं, १९२० पासून लागू केलं, म्हणाले आता कोण काढतं, आणि लागू झाल्यापासून १४ वर्षांच्या आत काढलं.

एवढं सगळं वाचून कोणाला खरंच आपली संघटना बंद करायची असेल तर इकडचं कागदपत्रांचं थोडं सांगतो, कारण गोंधळ तिथंच होतो. आपल्याकडं अशी संघटना बहुतेक १८६० च्या सोसायटी रजिस्ट्रेशन कायद्याखाली नोंदलेली असते आणि महाराष्ट्रात तिची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही असते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आलंच. बंद करायची तर १८६० च्या कायद्याचं कलम १३ पाहा, किमान तीन पंचमांश सभासदांची मंजुरी लागते. आता सभासद यादीत पंधरा वर्षांपूर्वीची नावं, अर्धे पुण्याला गेले, काही वारले, तीन पंचमांश आणणार कुठून? म्हणून पहिलं काम यादी साफ करायची, आणि कार्यकारिणी बदलल्याचे चेंज रिपोर्ट टाकायचे राहिले असतील तर ते टाकून घ्यायचे, बऱ्याच संघटनांचे कागदावरचे अध्यक्ष वेगळे आणि खरे वेगळे असतात.

पैशाचं काय, हे सगळ्यात आधी विचारतात. कलम १४ सांगते की देणी फेडून जे उरेल ते सभासदांनी वाटून घ्यायचं नाही, दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यायचं. अमेरिकेतही धर्मादाय संस्थांना साधारण असंच बंधन असते. बँक खातं शेवटी बंद करा, आधी नाही, कारण ऑडिटवाल्याची फी द्यायची राहते. फेस्टिव्हलचं, कार्यक्रमाचं नाव कोणाला वापरू द्यायचं ते लेखी ठरवा, नाहीतर दोन वर्षांनी दोन गट एकाच नावानं दोन कार्यक्रम घेतात. आणि जुनी पत्रं, आमदारांची उत्तरं, विधेयकाचे मसुदे, कोणत्या सालात कोण काय म्हणालं याच्या नोंदी, हे रद्दीत नका टाकू भाऊ, ते एखाद्या लायब्ररीला नाहीतर कॉलेजला द्या, कारण पुढं ती रिकामी खुर्ची भरायला कोणी उभं राहिलं तर त्याला सुरुवात तिथूनच करता येईल.